उष्णतेनं केलं की मी?

नीट पॉलिश केलेलं पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तर काही म्हणजे काही दिसत नाही. लख्ख पांढरं वर्तुळ, फार तर कुठंतरी एखादा राखाडी ठिपका. मेटलर्जीच्या, म्हणजे धातुशास्त्राच्या, पहिल्या प्रॅक्टिकलला आम्ही सगळे फोकसचं चाक पुढं-मागं फिरवत बसलो होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याच वाट्याला बिघडलेलं यंत्र आलंय. मग तोच तुकडा नायटलमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या दोन टक्के नायट्रिक आम्लात, काही सेकंद बुडवायचा, धुवायचा, गरम हवेनं वाळवायचा. आता फेराइटचे, म्हणजे जवळजवळ शुद्ध लोखंडाचे, पांढरे कण, त्यांच्यामधल्या काळ्या रेघा, परलाइटची, म्हणजे लोखंड आणि कार्बाइडच्या थरांची, पट्ट्यापट्ट्यांची नक्षी, सगळं समोर. आम्लानं कणांच्या सीमा जास्त खाल्ल्या आणि कण कमी खाल्ले, त्यामुळं उजेड वेगवेगळा परततो. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीनं १८६३-६४ च्या सुमारास पॉलिश करून आम्लानं खाल्लेलं लोखंड आणि पोलाद पहिल्यांदा असं पद्धतशीर बघितलं. त्याच्या आधी माणसानं शेकडो वर्षं पोलाद वापरलं, पण आत काय आहे ते तुटलेल्या कडेवरून ओळखत.

म्हणजे जे दिसतं ते धातूत असतं खरं, पण ते दिसतं आपण काहीतरी केल्यामुळं. माझं पुढचं सगळं काम इथंच अडकलेलं आहे. भट्टीत, दाबाखाली, किरणोत्सर्गात धातूचं काय होतं ते बघायचं, आणि बघताना दर वेळी विचारायचं की हे उष्णतेनं केलं की मी?

मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि भांडण रंगलं की दोन्ही. बारावीच्या गुणांवर कॉम्प्युटर मिळालं नाही, मेटलर्जी मिळालं. खोटं कशाला सांगू. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा म्हणजे मूळचं कलाभवन, सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेलं. दादासाहेब फाळके तिथं शिकून गेले हे बडोद्यातला प्रत्येक मराठी माणूस आल्यागेल्या पाहुण्याला सांगतो. मीही सांगते.

आमच्या प्रयोगशाळेतले काका गुजराती. पुस्तकात एका परिच्छेदात संपणारी गोष्ट ते तासन्‌तास करून घ्यायचे. तुकडा कापायचा, बेकेलाइटमध्ये बसवायचा, मग एमरी पेपर: जाड, त्याहून बारीक, त्याहून बारीक. पेपर बदलला की तुकडा काटकोनात वळवायचा, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. मग मखमली कापडावर अ‍ॅल्युमिना, शेवटी डायमंड पेस्ट. काका लांबूनच ओरडायचे, "बेन, पाणी चालू राखो!" पाणी कमी पडलं की पृष्ठभाग तापतो, मऊ धातू फासला जातो आणि खरी भेग बुजून जाते. उलटंही होतं. पोलादात मँगनीज सल्फाइडचे किंवा ऑक्साइडचे कण असतात. पॉलिश करताना असा कण उपटून निघाला की मागं खड्डा राहतो, आणि तो खड्डा हुबेहूब क्रीपच्या, म्हणजे उष्णतेत पोलाद हळूहळू ताणलं गेल्यानं पडणाऱ्या, पोकळीसारखा दिसतो. काका नमुना ट्यूबलाइटखाली तिरका धरून नुसत्या डोळ्यांनी सांगायचे की कुठल्या पेपरवर घाई झाली आहे. मला ते जमायला बरीच वर्षं गेली.

नायट्रिक आम्लानं बोटं पिवळी पडतात. कातडीतल्या प्रथिनांशी त्याची रासायनिक क्रिया होते, डाग धुऊन जात नाही, कातडीबरोबरच निघतो. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आत्यानं माझा हात बघून, "अगं, तुला कुणी आधीच हळद लावून ठेवली?" असं सगळ्यांसमोर विचारलं होतं. हातमोजे घालायची शिस्त मला काकांनी लावली नाही, आत्यानं लावली.

पदवीनंतर एका छोट्या तपासणी कंपनीत लागले. बडोद्यात या कामाला तोटा नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ पासूनची, तिच्या आजूबाजूला खत, पेट्रोकेमिकल, आणि थोड्या अंतरावर वीज केंद्रं. जिथं वाफेचे पाइप वर्षानुवर्षं साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास चालतात तिथं पोलाद हळूहळू ताणलं जातं, यालाच क्रीप म्हणतात. एवढ्या तापमानाला धातू वितळण्याच्या जवळपासही नसतो, पण अणू इकडचे तिकडे सरकायला पुरेशी ऊब असते. कणसीमांवर पोकळ्या धरतात, त्या ओळीनं लागतात, एकमेकींना मिळतात, भेग होते.

पाइप कापून प्रयोगशाळेत आणता येत नाही, म्हणून प्रयोगशाळा पाइपावर न्यायची. शटडाउन लागला, इन्सुलेशन उतरवलं की परांचीवर चढायचं. तळहाताएवढी जागा ग्राइंडरनं घासायची, मग क्रमानं बारीक पेपर, डायमंड पेस्ट, नायटल. सेल्युलोज अ‍ॅसिटेटची पातळ फिल्म, तिच्याखाली अ‍ॅसिटोनचा थेंब, वरून अंगठ्यानं दाब. अ‍ॅसिटोननं फिल्म मऊ होते, पृष्ठभागाचा प्रत्येक उंचसखलपणा घेते, सुकली की हळूच सोलून काचपट्टीवर चिकटवायची. याला रेप्लिका म्हणतात. मे महिन्यातल्या बडोद्याच्या उन्हात अ‍ॅसिटोन फिल्मखाली पोचायच्या आधीच उडून जातं आणि रेप्लिकेत बुडबुडे राहतात. म्हणून ही कामं आम्ही पहाटे किंवा रात्री उरकायचो. बाईमाणूस परांचीवर, म्हणून खालून चारजण बघत राहायचे. काही दिवसांनी त्यांना कंटाळा आला.

पोकळी एका झटक्यात दिसत नाही. पॉलिश, एच (म्हणजे आम्लानं खाणं), पुन्हा पॉलिश, पुन्हा एच असं काही वेळा करावं लागतं, कारण फासलेला धातू तिचं तोंड बंद करून बसलेला असतो. पण एचिंग जास्त झालं की होती त्यापेक्षा मोठी दिसते. आमच्या धंद्यात नॉयबाउअरचं वर्गीकरण चालतं, जर्मनीत १९८० च्या दशकात आलेलं: सुट्या पोकळ्या, ओळीतल्या पोकळ्या, सूक्ष्म भेगा, मोठ्या भेगा. पहिल्यात लक्ष ठेवा, दुसऱ्यात ठरावीक मुदतीनं पुन्हा तपासा, तिसऱ्यात दुरुस्ती होईपर्यंत मर्यादित वापर, चौथ्यात ताबडतोब दुरुस्ती. कागदावर स्वच्छ दिसतं. प्रत्यक्षात पहिला वर्ग की दुसरा हे एखाद्याच्या हातावर ठरू शकतं, आणि त्या फरकावर कुणाचा तरी लाखोंचा शटडाउन अवलंबून असतो.

मला या सगळ्यात सर्वांत आवडलेलं काम मात्र रिफॉर्मर ट्यूबचं. खताच्या कारखान्यात अमोनियासाठी हायड्रोजन लागतो. तो नैसर्गिक वायू आणि वाफेपासून करतात. उत्प्रेरक भरलेल्या दहा-बारा मीटर उंच नळ्या भट्टीत टांगलेल्या असतात, भिंतीचं तापमान नऊशे अंशांच्या आसपास, आत दाब. साधं पोलाद तिथं टिकणार नाही. ही मिश्रधातू पंचवीस टक्के क्रोमियम, पस्तीस टक्के निकेल आणि थोडं नायोबियम अशी. फिरत्या साच्यात ओतून नळी केलेली. आयुष्य धरतात एक लाख तास, म्हणजे सलग चालली तर अकरा वर्षांहून थोडं जास्त. वीसेक अंश जादा तापली तर ते निम्म्यावर येऊ शकतं, असा ठोकताळा आहे.

काढून टाकलेल्या नळीचा आडवा काप बघितला की त्यात तिचं सगळं चरित्र असतं. नव्या नळीत कणसीमांवर कार्बाइडचं, म्हणजे धातू आणि कार्बनच्या संयुगाचं, बारीक जाळं असतं. वापरात आली की कणांच्या पोटात दुय्यम कार्बाइडची धूळ पडते, मग ती धूळ गोळा होऊन दाणे मोठे होतात, नायोबियमचं कार्बाइड हळूहळू निकेल, नायोबियम आणि सिलिकॉनच्या एका वेगळ्याच संयुगाला जागा देतं. आम्ही त्याला जी-फेज म्हणतो. नळी फारच तापली तर दुय्यम दाणे विरघळून जातात आणि कणांची पोटं पुन्हा कोरी दिसतात. म्हणजे नळीनं कुठं किती ताप सोसला ते तिच्या रचनेवरून वाचता येतं, बर्नर ऑपरेटरनं लॉगबुकात काहीही लिहिलेलं असो. पोकळ्या बाहेरून सुरू होत नाहीत. आतल्या पृष्ठभागापासून भिंतीच्या साधारण एक तृतीयांश खोलीवर त्यांची सुरुवात सापडते, कारण दाबाचा ताण आणि तापमानाच्या फरकाचा ताण यांची बेरीज तिथं वाईट होते. त्यामुळं इथं बाहेरची रेप्लिका फसवी. नळी कापल्याशिवाय खरं कळत नाही, आणि कापल्यावर ती नळी राहत नाही.

हे वाचायला शिकल्यावर वाटलं, याहून वाईट जागा कुठली असेल? त्या प्रश्नापायी नोकरी सोडली. गेट ही प्रवेशपरीक्षा दिली, एम.टेक. केलं, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, मेसचं जेवण सोडून.

पीएच.डी.चा विषय टंगस्टन निघाला. गांधीनगरजवळ भाट गावात प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. आदित्य हा टोकामॅक, म्हणजे अतितप्त वायू (प्लाझ्मा) चुंबकांनी कोंडून ठेवणारं यंत्र, तिथं १९८९ मध्ये सुरू झाला. फ्रान्समधल्या कादाराशला अणूंच्या संलयनातून ऊर्जा काढायचा सात भागीदारांचा ईटर प्रकल्प उभा राहतोय, भारत त्यातला एक. तिथल्या डायव्हर्टरवर, म्हणजे प्लाझ्माची राख जिथं काढून घ्यायची त्या तळाच्या भागावर, चौरस मीटरला दहा मेगावॅट उष्णता सतत पडणार असं गृहीत आहे. भर दुपारच्या उन्हात चौरस मीटरला साधारण एक किलोवॅट पडतो. त्याच्या दहा हजार पट. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतो, सगळ्या धातूंत शेवटी, म्हणून तो निवडला. पण वितळणं ही एकच काळजी नसते. तेराशे अंशांच्या आसपास त्याचे कण नव्यानं वाढतात आणि तो ठिसूळ होतो. खोलीच्या तापमानाला तर तो मुळातच ठिसूळ. आणि हेलियम. संलयनातून निघणारा हेलियम टंगस्टनमध्ये विरघळत नाही, जिथं रिकामी जागा मिळेल तिथं गोळा होतो, बुडबुडे करतो. साधारण १००० ते २००० केल्विन तापमान असेल तर गुळगुळीत टंगस्टनवर काळी लव उगवते, नॅनोमीटर जाडीच्या तंतूंची. जपानी संशोधकांनी २००६ च्या सुमारास ती नोंदवली, इंग्रजीत तिला फझ म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणतो.

असं नुकसान प्रयोगात घडवायचं तर टंगस्टनवर आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, मारा करावा लागतो, आणि बडोद्यात बसून तो करता येत नाही. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात विद्यापीठांतल्या लोकांना बीमटाइम, म्हणजे आयनांचा झोत वापरायची वेळ, मिळतो. प्रस्ताव लिहायचा, समितीसमोर मांडायचा, मंजूर झाला की वाट बघायची. मग तारीख येते आणि तारखेला तुमचे नमुने तयार असावेच लागतात. बीम चोवीस तास चालतो, पाळी कुणाच्या झोपेचा विचार करून लागत नाही. मी पहाटे दोनला कंट्रोल रूममध्ये बसून आयनप्रवाहाचा आकडा वहीत उतरवत असायची, बरोबर आईनं दिलेला लीलो चिवडा. वडिलांना फोनवर सांगितलं की सगळी रात्र एक आकडा हलू नये म्हणून बघत बसते, तर म्हणाले, "मग वॉचमन आणि तुझ्यात फरक काय?" मी म्हटलं, वॉचमनला पगार जास्त आहे. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती तेव्हा नुकतीच, २०१९ मध्ये, महिना ३१,००० झाली होती, त्यामुळं तसं ते खरं नव्हतं, पण पैसे हातात पडायला वेळ लागायचा.

मारा झालेला थर वरचा एखाद-दोन मायक्रोमीटर. तेवढ्याच थरातून शंभर नॅनोमीटरपेक्षा पातळ पापुद्रा काढायचा, कारण ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात इलेक्ट्रॉन नमुन्याच्या आरपार गेले पाहिजेत आणि टंगस्टनसारखा जड धातू त्यांना सहज जाऊ देत नाही. पापुद्रा कापतात गॅलियमच्या आयनांनी. गोची इथंच आहे. आयनांनी धातूचं काय होतं ते बघायला निघालो, आणि नमुना कापतोही आयनांनीच! गॅलियम पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंना बारीक काळे ठिपके सोडतो, अणूंच्या जाळीतली छोटी छोटी वेटोळी. माऱ्यानं झालेली वेटोळीही तशीच काळी, तेवढीच बारीक. चित्र बघून दोन्ही वेगळी काढणं शक्य नाही.

उपाय दोन. पहिला, मारा न केलेल्या टंगस्टनचा तसाच पापुद्रा त्याच यंत्रात, त्याच प्रवाहावर कापून शेजारी ठेवायचा. यातले ठिपके माझे. दुसरा उपाय फ्लॅश पॉलिशिंग: पापुद्रा अगदी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये धरायचा आणि सेकंदाच्या छोट्याशा अंशापुरता विद्युतदाब द्यायचा. गॅलियमनं बिघडवलेला वरचा थर विरघळून जातो, खालचा स्वच्छ राहतो. राहतो, म्हणजे राहिला तर. दाब किंचित जास्त वेळ राहिला की आठवड्याभराचं काम द्रावणात जातं. हे शिकवणारं पुस्तक नाही. शिकवणारं माणूस शेजारी उभं असावं लागतं. मला ते मिळालं आणि त्यासाठी मी त्या सीनियरला अजूनही दिवाळीचा फराळ पाठवते.

बुडबुड्यांसाठी वेगळीच युक्ती. दोन-तीन नॅनोमीटरचा हेलियमचा बुडबुडा नेमक्या फोकसवर जवळजवळ दिसतच नाही. फोकस मुद्दाम थोडा कमी केला की पांढरा ठिपका आणि भोवती काळी कडा. जास्त केला की उलटं. म्हणून एकाच जागेचे कमी, नेमका आणि जास्त अशा फोकसचे फोटो काढायचे. रंग उलटला तर बुडबुडा. उलटला नाही तर तो दुसराच कुणीतरी आहे. किती प्रबंधांमध्ये एकच फोटो आणि "बाणानं दाखवलेले बुडबुडे" असं लिहिलेलं असतं! मी परीक्षक असते तर बाकीचे दोन फोटो मागितले असते.

हे नुसतं शिस्तीपुरतं नाही. १९६७ मध्ये कॉथोर्न आणि फुल्टन यांनी स्कॉटलंडमधल्या डूनरे इथल्या वेगवान अणुभट्टीत राहिलेलं स्टेनलेस स्टील याच प्रकारच्या सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि त्यात पोकळ्या असल्याचं छापलं. पोकळ्या झाल्या म्हणजे पोलाद फुगतं, आणि फुगलं की इंधनाच्या नळ्यांच्या मधल्या, शीतक वाहायच्या जागा अरुंद होतात. तेव्हापासून अशा भट्ट्यांसाठी न फुगणाऱ्या पोलादाचा शोध जगभर सुरू झाला, आपल्या कल्पाक्कमलाही. ते ठिपके कुणी पॉलिशचे डाग म्हणून सोडून दिले असते तर ही गोष्ट भट्टीनं सांगेपर्यंत थांबावं लागलं असतं.

पीएच.डी.च्या शेवटाकडं थोडे दिवस इंग्लंडमधल्या हडर्सफील्डला मिळाले. तिथं सूक्ष्मदर्शकाच्या आतच आयनांचा झोत सोडायची सोय आहे. अमेरिकेतली आर्गोन प्रयोगशाळा आणि फ्रान्समधलं ओर्से अशा मोजक्याच ठिकाणी असं आहे. आधीचं चित्र, नंतरचं चित्र असं नाही. मधलं सगळं चालू असताना दिसतं. कोऱ्या टंगस्टनमध्ये एक ठिपका टपकन उमटतो, सरकतो, नाहीसा होतो. मी मान वळवायला तयार नव्हते. पण तिथल्या तंत्रज्ञबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं की हा पापुद्रा आहे, ठोकळा नव्हे: दोष पळून जायला दोन्ही बाजूंना पृष्ठभाग अगदी जवळ आहे, म्हणून इथं जमेल तेवढं नुकसान खऱ्या भिंतीतल्यापेक्षा कमी भरेल. काकांची आठवण आली. दोघांनी—म्हणजे बाईंनी आणि काकांनी—एकच गोष्ट शिकवली, एकानं गुजरातीत पाण्याच्या नळाजवळ उभं राहून.

पुढं काय, हा प्रश्न सगळे विचारतात, विशेषतः लग्नकार्यात. अणुऊर्जा विभागात जायचं तर वयाची अट आणि मुलाखत. विद्यापीठात जागा निघाल्या तर निघाल्या. परदेशी पोस्टडॉक दोन-दोन वर्षांची. मी बडोद्याला परत आले. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एका प्रयोगशाळेचं सूक्ष्मदर्शक आता माझ्याकडं आहे, टंगस्टन नाही, पुन्हा पाइप आणि नळ्या. काही जणांना ही पायरी उतरणं वाटतं. मला तसं वाटत नाही, पण समजावत बसायचा उत्साहही नाही.

सध्याचा वाद पी-९१ चा आहे. नऊ टक्के क्रोमियमचं हे पोलाद नव्या वीज केंद्रांत सर्रास वापरतात, जुन्यापेक्षा पातळ भिंतीत तोच दाब पेलतं. ते वेल्डच्या शेजारच्या बारीक कणांच्या अरुंद पट्ट्यात फाटतं आणि पोकळ्या जाड पाइपात बहुधा पृष्ठभागाखाली सुरू होतात. म्हणजे वरची रेप्लिका स्वच्छ आली तरी आत ठीक आहे असं म्हणता येत नाही. कारखान्याचे इन्स्पेक्शनवाले फोन करतात, "मॅडम, पोकळी नाही ना? मग उरलेलं आयुष्य दहा वर्षं लिहून टाका." माणूस सज्जन आहे, त्याच्यावरही वरून दाब आहे. मी लिहिते: तपासलेल्या जागी, पृष्ठभागावर, अमुक तयारीनंतर, अमुक इतकं मोठं करून बघितल्यावर पोकळ्या आढळल्या नाहीत, आयुष्याचा अंदाज यावरून देता येणार नाही. मग मीटिंग होते, चहा होतो, पुन्हा तेच.

यंदा वाकाजवळच्या वेल्डमधून होडीच्या आकाराचा छोटा तुकडा खरवडून काढायची परवानगी मिळाली आहे. कापायच्या आधी अल्ट्रासॉनिकनं जाडी मोजायची, तुकडा काढल्यावर खड्ड्याच्या कडा घासून उताराच्या करायच्या, पुन्हा जाडी मोजायची. किमान जाडीच्या खाली गेली नसेल तर वेल्ड न भरता तसाच ठेवायचा. तुकडा पाण्याच्या धारेखालीच कापायचा, हे मी ऑर्डरमध्ये वेगळं लिहून घेतलं आहे.